सॅड नंबर चार

तुम्ही मढ्यावरचं उचललंत. माझ्या बापाच्या अंगावरचं उचललंत, त्यातला पाहिजे तेवढा तुकडा कापलात, त्याला नंबर दिलात आणि ज्याला हवं त्याला पांघरायला देऊन टाकलंत. आता तोंड लपवू नका. तुमचं तोंड मी कधी बघितलेलं नाही, कारण तुम्ही कायम वर असता. खाली येतात ते तुमचे निरोप. वरून आलंय. वरून नको म्हणतात. वर विचारून सांगतो. सगळं आयुष्य मी त्या जिन्याच्या पायथ्याशी वाद्याची पेटी धरून उभा राहिलो आणि तुम्ही एकदाही खाली उतरला नाहीत. आज घरात माझी बहीण पांढऱ्या कपड्याखाली पडलीय. आजच्या दिवस तरी मला सोडायला पाहिजे होतं.

हे सगळं यशपाल शिवशरण मनातल्या मनात बोलत होता, आणि उभा होता सोलापूरच्या सात रस्त्यावर एका फुलवाल्याच्या गाड्यापुढं. वय सदुसष्ट, पायात चपला उलट्यासुलट्या, कारण घरातून निघताना दाराशी एवढ्या चपला पडल्या होत्या की स्वतःच्या सापडल्या नाहीत. तो निशिगंधाचे हार न्यायला आला होता. फुलवाल्याचे हात दोऱ्यावर होते आणि डोळे मोबाईलवर. मोबाईल पाण्याच्या बादलीला टेकवून ठेवलेला. त्यात एक लठ्ठ माणूस मोटारसायकलवरून ऐटीत उतरत होता आणि उतरता उतरता सरळ गटारीत जात होता. तो पडायला लागला की चित्र संथ व्हायचं आणि मागं सॅक्सोफोन विव्हळायचा. एक लांब सूर, मग त्याच्या कुशीतून घसरत आलेले चार, आणि मग जिना संपावा तसा एकदम तुटलेला शेवट. माणूस पुन्हा उतरायचा, पुन्हा पडायचा, सॅक्सोफोन पुन्हा विव्हळायचा. फुलवाला पोट धरून हसत होता.

"बघा की काका, कसा पोपट झालाय येड्याचा."

"ते मागं वाजतंय ते कुणी वाजवलंय ठाऊक आहे का?" यशपालनं विचारलं.

"कुणी वाजवलंय म्हंजे? त्ये मोबाईलमधीच असतंय की." फुलवाल्यानं दोरा दातानं तोडला. "हार लग्नाचा का मयताचा?"

मयताचा, असं यशपाल म्हणाला. फुलवाल्यानं तोंड लगेच गंभीर केलं आणि मोबाईल पालथा घातला, पण तो पालथा पडूनही वाजतच राहिला. वर ऊन असं की डांबराला वास सुटलेला. सात बाजूंनी रिक्षा, ट्रॅक्टर, शाळेच्या गाड्या एकमेकांच्या अंगावर येत होत्या, आणि त्या सगळ्या गोंगाटातून यशपालच्या कानाला ऐकू येत होता तो फक्त तो तुटलेला शेवट. हे काही पहिल्यांदा नव्हतं. गेली दोन-तीन वर्षं तो तुकडा गावभर फिरत होता. कुणाचं लग्न मोडलं, कुणी निवडणुकीत पडलं, कुणाच्या भाकरीवर कुत्र्यानं तोंड टाकलं की त्यामागं तो लावायचा, असा रिवाजच झाला होता. यशपाल ऐकायचा आणि पुढं जायचा. पण आज दुपारी त्याला बहिणीच्या, नागूबाईच्या विसाव्याला वाजवायचं होतं. आणि हा तुकडा एकदा डोक्यात शिरला की दिवसभर निघत नाही, हे त्याच्याएवढं कुणाला माहीत असणार?

विसावा म्हणजे काय हे वस्तीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. मयत निघाली की अर्ध्या वाटेत तिरडी खाली ठेवायची आणि खांदे बदलायचे. छप्पन्न साली वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा बाकी सगळं टाकून दिलं, दाणे, पिंड, कावळे, सगळं. विसावा तेवढा राहिला. त्यावर कुणीतरी शिकलेल्या माणसानं हरकत घेतली होती, तर यशपालचा बाप म्हणाला होता, "धर्म बदलला म्हणून खांदं दुखायचं थांबतंय व्हय?" बाप म्हणजे जोतीराम मास्तर, बँडवाला. लग्नात, जयंतीत, मयतीत, सगळीकडं त्याचाच बँड. विसाव्याला बँड गप्प व्हायचा आणि मास्तर एकटा पुढं होऊन क्लॅरनेट वाजवायचा. ओळखीचं गाणं नाही, भजन नाही, सिनेमातलं तर नाहीच. त्या माणसासाठी म्हणून त्या घटकेला जे सुचेल ते. माणूस भांडखोर असला तर सूरसुद्धा भांडायचे. मुकी म्हातारी असली तर मास्तर दोनच सुरांवर खेळायचा. आणि एकदा वाजवलेलं पुन्हा कधी वाजवायचं नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. लहान असताना यशपालनं एकदा असंच एकाच्या विसाव्याचं घरी येऊन क्लॅरनेटवर वाजवलं होतं, कारण ते त्याला आवडलं होतं. मास्तरनं त्याच्या थोबाडीत दिली. म्हणाला, "मढ्यावरचं कापड उचलून अंगावर घ्यायचं दिवस आपुन सोडलेत. माझ्या आज्ज्यानं घेतलं, कारण त्याला दुसरं कापड गावात कुणी देत नव्हतं. तू घ्यायचं न्हाईस. कापड न्हाई आन सूरबी न्हाई. ज्याचं त्याच्यासंगं जाळायचं."

पुढं सगळी मुंबई पालथी घालून, भले भले वाजवणारे ऐकूनही यशपालला यापेक्षा जास्त कुणी काही शिकवलं नाही. शिकवायचा अवकाश तरी कुणाकडं होता? नाही म्हणायला एक पॅटसाहेब. रेल्वे कॉलनीत राहणारा म्हातारा ख्रिस्ती ड्रायव्हर, शनिवारी रेल्वेच्या क्लबात सॅक्सोफोन वाजवायचा. जोतीराम मास्तरचा बँड तिथं एका लग्नाला गेला होता, यशपाल चौदा-पंधरा वर्षांचा, खांद्यावर बापाची पेटी. जेवणाच्या वेळी पॅटसाहेब उठला, एक इंग्रजी गाणं सरळ वाजवलं आणि दुसऱ्या फेरीला त्या गाण्यातून बाहेर पडला. कुठं गेला ते कुणाला कळेना. ढोलवाला बावचळला. म्हातारा डोळे मिटून भटकत होता, गल्लीबोळातून, लोकांच्या परसातून, आणि मग घाम पुसत घरी परतल्यासारखा गाण्यात परत आला. पोराचे केस उभे राहिले. त्याला वाटलं, हा मेला कोण? हा कुणाचा विसावा चाललाय? त्यानं बापाकडं बघितलं तर बापानं मान हलवली, ओळख पटल्यासारखी. नंतर पॅटसाहेबानं त्याला आपला जुना सॅक्सोफोन हातात दिला आणि सांगितलं की याला जॅझ म्हणतात, कालच्यासारखं आज वाजवलं तर ते जॅझ नाही. पोरगं म्हणालं, आमच्यात त्याला विसावा म्हणतात. म्हातारा हसला, पण खोटं आहे म्हणाला नाही.

तर त्या एका सॅक्सोफोनवर यशपाल मुंबईला गेला. हॉटेलात लोक काट्याचमच्यानं खात असायचे आणि कोपऱ्यात तिघंजण वाजवत असायचे. कुणी ऐकत नव्हतं. पण कुणी अडवतही नव्हतं, आणि यशपालला ते पुरेसं होतं. अर्धा-अर्धा तास तो गाण्याबाहेर राहायचा. रोज नवीन. त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, पण प्रत्येक रात्री तो कुणातरी मेलेल्या माणसाला समोर ठेवून वाजवायचा. वस्तीतला एखादा म्हातारा, गिरणीत हात गेलेला एखादा मामा, लहानपणीच गेलेली आई. सुटाबुटातली माणसं सूप पीत असायची आणि त्यांच्या टेबलांमधून सोलापूरच्या मयती चाललेल्या असायच्या. जगलो म्हणून सांगायची तर यशपालकडं ती दहा वर्षंच होती. मग हॉटेलांनी वाजवणारी माणसं काढली आणि गाण्याचे डबे लावले. वरून निर्णय आला म्हणाले. तिघांतला एक आखातात गेला, एक दारूत गेला, आणि यशपाल सिनेमात गेला.

सिनेमात सुरुवातीला दुसऱ्याचं वाजवलं. नायिका पावसात भिजली की सॅक्सोफोन, खलनायकानं ग्लास उचलला की सॅक्सोफोन. त्या वाद्याला सिनेमावाल्यांनी दोनच कामं ठेवली होती आणि दोन्ही घाणेरडी. नंतर स्वतःचे तीन-चार मराठी सिनेमे मिळाले, पडद्यावर 'संगीत' म्हणून नाव आलं. नागूबाईनं सोलापुरात थेटरात जाऊन ते नाव बघितलं आणि सिनेमा सुरू झाल्यावर उठून आली, कारण विड्या वळायच्या राहिल्या होत्या. "नाव बगितलं की. बाकीचं काय, लोकं नाचत्यात," असं तिनं पत्रात लिहवून घेतलं होतं. निर्मात्यांना चाल अशी पाहिजे असायची की ऐकल्या ऐकल्या वाटावं ही आधी ऐकलेली आहे. यशपालला नेमकं तेच जमायचं नाही. मग टीव्ही आला आणि टीव्हीवाल्यांनी त्याला चालीच्या कटकटीतून कायमचं सोडवलं. त्यांना चाल नको होती. त्यांना बँक पाहिजे होती.

बँकेत काय काय ठेवतात? मालिका सुरू व्हायच्या आधी एक दिवस स्टुडिओ घ्यायचा आणि सगळ्या भावना वाजवून ठेवायच्या. दुःख, धक्का, संशय, सासूची एंट्री, सणाचा आनंद, देवघर. मालिकेचा एकही प्रसंग तेव्हा लिहिलेला नसतो, पण त्याचं रडणं तयार असतं. प्रत्येकाला नंबर. पुढं पाच वर्षं संगीतकाराला कुणी बोलावत नाही. एडिटर बसतो आणि हाक मारतो, सॅड दोन लाव, शॉक पाच लाव. आणि सगळं आखूड. कारण मालिकेतलं दुःख कॅमेरा तीन तोंडांवरून फिरेपर्यंतच असतं. तिसऱ्या तोंडावर ते संपलंच पाहिजे, पुढं जाहिरात. यशपालनं अशा किती बँका भरल्या याचा हिशेब त्यानं ठेवला नाही. पोट भरलं. लग्न केलं, ते टिकलं नाही. अंधेरीत भाड्याची खोली आली. आणि एके दिवशी अशीच एक बँक भरणं चालू असताना खाली कचेरीत सोलापूरहून फोन आला. निरोप त्याच्यापर्यंत पोचला तो चहाच्या सुट्टीत. जोतीराम मास्तर गेले. संध्याकाळी नेणार.

त्यानं उलटा फोन लावला. नागूबाई शेजारच्या दुकानातून बोलली. रडत नव्हती. "येऊ नको," ती म्हणाली. "कुटल्याबी गाडीनं पोचणार न्हाईस. आन आबाला ठिवून घ्यायचं न्हाय, हितं लई ऊन हाय. तितंच वाजव. विसावा तुजाच."

आता हे तुम्हीच ऐका, यशपाल फुलवाल्याला पैसे देता देता मनात म्हणाला, कारण याच्यापुढं तुमचा हात आहे. मी स्टुडिओतल्या त्या काचेच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं. डोळे मिटले आणि आबाचा विसावा वाजवला. आबासारखा वाजवला. एक लांब सूर, आबा पेटी उचलताना सुस्कारा टाकायचा तसा. मग चार सूर घसरत खाली. आणि मग तिथून मी बाहेर पडलो, बाहेर म्हणजे कुठं ते मला सांगता येणार नाही, गुरुवारपेठेतून गेलो, गिरणीच्या भिंतीकडेनं गेलो, जिथं जिथं आबानं मला हाताला धरून नेलं तिथं तिथं गेलो, आणि एका ठिकाणी आबाचं क्लॅरनेट माझ्या सॅक्सोफोनमध्ये आलं. खरंच आलं. मी ते वाजवलं नाही, ते वाजलं. डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडं तुमचा माणूस बसला होता आणि यंत्र चालू होतं.

महिन्याभरानं तो एका ओळखीच्याकडं जेवायला बसला असताना टीव्हीवर सुनेच्या हातून आरतीचं ताट पडलं आणि जोतीराम मास्तर मेले. सून, सासू, नवरा, अशी तीन तोंडं. लांब सूर, घसरणारे चार, आणि कट. बाहेर पडायच्या नेमकं आधी कट. यशपालचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तो त्या कचेरीत गेला. समोर एक पंचविशीतली मुलगी बसलेली, बोलायला गोड. "सर, सॅड फोर म्हणजे कमाल आहे! वरून खास कौतुक आलंय, माहितीय?" तो म्हणाला, ते काढा, ते बँकेतलं नाही, ते आमच्या घरचं आहे. तिला कळेना. तिनं कागद काढून दाखवला. त्या दिवशी स्टुडिओत जो जो आवाज झाला तो सगळा त्यांचा, असं त्यावर होतं आणि खाली यशपालची सही होती. "तरी मी वर विचारते, सर." आठवड्यानं उत्तर आलं, वरून नको म्हणतात. तो म्हणाला, बरं, मग बाकीचं तरी मला द्या, कापून उरलेलं. तिनं आत फोन करून विचारलं आणि खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाली, "बाकीचं ठेवत नाहीत हो सर. लागतो तेवढा कट ठेवतात. बाकीचं पुसून टाकतात, त्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येतं ना."

नागूबाईनं ते सोलापुरात बसून ऐकलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सूप मांडीवर, सुपात पानं आणि जर्दा, समोर टीव्ही, आणि एकदम तिचे हात थांबले. तिनं उठून टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलं, पुन्हा बंद केला. मग दुसऱ्या मालिकेत, मग बातम्यांत, मग साबणाच्या जाहिरातीत. यशपाल दिवाळीला आला तेव्हा तिनं त्याला एवढंच विचारलं, "आबाला किती येळा जाळत्यात रं हे?" त्यानंतर त्यानं काम सोडलं का? नाही सोडलं. आणखी पंधरा वर्षं बँका भरल्या, कारण दुसरं येत काय होतं? मग संगणकावरच सॅक्सोफोन वाजायला लागला आणि वरून निरोप येणंही बंद झालं. काढलं असं कुणी म्हणालं नाही. फोन वाजायचा थांबला, एवढंच. तो सोलापूरला बहिणीकडं येऊन राहिला. नागूबाईची मुलगी दीक्षा नर्स, तिघांचं घर चालायचं. कधी दुपारी कुणी नसलं की यशपाल पेटी उघडायचा. दोन मिनिटं वाजवायचा आणि ठेवून द्यायचा. दम पुरत नाही, असं सगळ्यांना सांगायचा. दम पुरत होता. दुसरंच काहीतरी संपत होतं, पण त्याच्याकडं तो नीट बघत नव्हता, दुखऱ्या दातावरून जीभ फिरवायची टाळावी तसा.

गेल्या आठवड्यात नागूबाईनं त्याला खाटेजवळ बोलावलं. आवाज गेलेला, डोळे मात्र सुईसारखे. "माज्या विसाव्याला तूच."

"मग काय, त्या बँडवाल्या फकीर मास्तरला सांगणार होय?"

"थट्टा करू नको. त्ये न्हाई वाजवायचं. आबाचं. माजं माजं पायजे. आयुष्यभर सगळ्यास्नी उष्टंच मिळालं आपल्या घरात. कापडंबी थोरल्याची. मला मेल्यावर तरी कोरं दे."

तो हो म्हणाला. हो म्हणायला काय लागतं?

हार घेऊन तो वस्तीत परत आला तेव्हा फकीर मास्तर पोरांना घेऊन दाराशी उभाच होता. फकीर पोरगा होता तेव्हा जोतीराम मास्तरच्या हाताखाली ताशा वाजवायचा, आता बँड त्याचा, दाढीला मेंदी, अंगात तोच लाल कोट, पाठीवर उसवलेला. तो यशपालच्या गळ्यात पडला. "नागूआपा गयी यशाभाई. मेरेकू ईदकू हमेशा शिरखुर्मा ज्यादा कर को मांगती थी, कहती थी, तेरे घर में कंजूसी लई है रे." रडता रडता हसला. "बोलो, विसावे कू क्या लेते? पोरांना सांगून ठेवतो, मागं धरतील."

"कुणी काही धरायचं नाही. मी एकटा."

"हौ, वो तो है. मास्तर का रिवाज." फकीरनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "तब्येत ठीक है ना?"

यशपालनं पेटी उघडली. सॅक्सोफोन थंड होता, उन्हाळ्यातही. त्यानं पट्टा गळ्यात घातला तेव्हा त्याला एक विचित्र भास झाला की वाद्य त्याला धरतंय. आतून त्रिशरण-पंचशील म्हणत असल्याचा आवाज येत होता. दीक्षानं आईच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि उठून पदर कमरेला खोचला. खांदा ती देणार होती, त्यावर एक म्हातारा बोलणार होता तर दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, "बस की गप, तुज्या आईला कुणी दिला होता?" मयत निघाली. ढोल संथ, पुढं पोरं फुलं टाकताहेत, रस्त्यावरची माणसं गाड्या बाजूला घेऊन हात जोडताहेत. यशपाल बँडच्या मागं, तिरडीच्या पुढं चालत होता. आणि चालता चालता तो नागूबाईला गोळा करत होता. जर्दा उडू नये म्हणून पंखा बंद करून उन्हाळ्यात बसायची ती नागूबाई. विडीचा दोरा दातानं तोडताना एक बारीक टक् आवाज यायचा तो. आई गेल्यावर स्वतः अकरा वर्षांची असून त्याला काखेत घेऊन हिंडायची आणि मोठ्या बायकांसारख्या शिव्या द्यायची. नवरा मोडनिंबजवळ ट्रकखाली गेला तेव्हा मोठ्यानं हंबरडा न फोडता तिनं चूल पेटवली होती, कारण आलेल्या माणसांना चहा पाहिजे होता. हे सगळं कुठल्या सुरात बसेल? खालून सुरू करायचं, अगदी खालून, सॅक्सोफोनच्या तळघरातून. लांब सूर घ्यायचाच नाही. तोडत तोडत जायचं, टक्, टक्, दोरा तुटल्यासारखं. त्याला बरं वाटलं. सुरुवात सापडली होती.

सात रस्त्याच्या अलीकडं, जिथं वस्तीचा विसावा पिढ्यान्पिढ्या होतो, तिथं तिरडी खाली ठेवली. ढोल थांबला. शहर थांबलं नाही, पण थोडं मागं सरलं. माणसं गोल करून उभी राहिली. दीक्षा उशाशी, तिच्या खांद्यावर बांबूचा वळ. यशपाल पुढं झाला, डोळे मिटले, आणि खालून सुरू केलं. टक्. दुसरा सूर, आखूड. तिसरा. ती नागूबाई होती. चौथा सूर त्यानं किंचित वाकडा लावला, ती शिवी देताना तोंड वाकडं करायची तसा, आणि गर्दीतून कुणीतरी म्हातारी हुंकारली, ओळख पटल्यासारखी. आता इथून बाहेर पडायचं. एवढंच. दार उघडं होतं, पाय उचलायचा होता. त्यानं श्वास घेतला. आणि श्वास, घाण्याचा बैल सोडला तरी गोल फिरतो तसा, आपला आपण वळला. एक लांब सूर आला. त्यानं तो आणला नाही. तो थांबवायला त्यानं बोटं दाबली, पण बोटं आधीच पुढच्या जागी जाऊन बसली होती. चार सूर घसरत खाली आले, सुबक, स्वच्छ, एकही इकडचा तिकडं नाही. सून, सासू, नवरा. आणि तिथं ते तुटलं.

तो थांबला. त्याच्या पुढं काहीच नव्हतं. भिंतसुद्धा नव्हती, भिंत असती तर डोकं तरी आपटता आलं असतं. त्यानं पुन्हा खालून सुरू करायचा प्रयत्न केला आणि पुन्हा तोच लांब सूर आला, पुन्हा चार, पुन्हा कट. आबाचं क्लॅरनेट जिथून आलं होतं तिकडं जायचा रस्ता त्यानं चाचपला, तिथं हात फिरवून बघितला. गुळगुळीत होतं, पुसलेलं. तिसऱ्यांदाही तेच आलं. आणि त्याला ऐकू आलं की लोक रडताहेत. खरंच रडत होते. बायका पदर तोंडात कोंबून, माणसं मान खाली घालून. नेमक्या त्या लांब सुराला हुंदका, नेमक्या त्या कटाला उसासा, वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी सराव झाल्यासारखा. मागं दोन पोरं एकमेकांकडं बघून ओठ दाबत होती, त्यांचा सराव मोबाईलवर त्यालाच हसण्याचा होता. सॅक्सोफोन खाली आला. फकीर डोळे पुसत जवळ आला आणि त्याचा दंड दाबला. "क्या बजाया यशाभाई. कलेजा काट को रख दिया." आणि ढोलाला खूण केली.

तिरडी उचलली गेली. दीक्षानं खांदा बदलायला एकाला पुढं केलं आणि ती मागं यशपालच्या बरोबरीला आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडणाऱ्या घोळक्यात तेवढे दोनच डोळे कोरडे होते.

"मामा," ती हळू म्हणाली, "आईचं वाजवलंच न्हाईस."

त्यानं मान हलवली. हो की नाही, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"पुढं वाजवशील? घाटावर? अजून वेळ हाय की."

"येत नाही गं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला. ती थांबली नाही, रागावली नाही, फक्त तिचा चेहरा असा झाला की आता आपली आई खरोखर मेली हे तिला कळलं. मग ती पुढं गेली आणि पुन्हा खांद्याखाली शिरली.

आणि तुम्ही, जे कोण वर बसला आहात ते, ऐका. जाळायला अजून अर्धा तास आहे. बापाचं गेलं ते गेलं, ते तुम्ही चोरलंत, ते मी समजू शकतो, चोर चोरतो. हसणाऱ्यांनी हसावं. त्याचं मी काही विचारत नाही. पण माझ्या बहिणीचं तर अजून वाजलंही नव्हतं. ते कुठल्या बँकेत नव्हतं, कुठल्या कागदावर त्याची सही नव्हती, कुठलं यंत्र चालू नव्हतं. ते फक्त माझ्यात होतं, आणि मी आत हात घातला तर तिथं तुमचा कट सापडला. मी वर विचारून सांगा म्हणत नाही. निरोप पाठवू नका. या जिन्यावरून एकदा तुम्ही स्वतः खाली उतरा, या मयतीत या, या कोरड्या डोळ्यांच्या पोरीसमोर उभे राहा आणि सांगा, माझ्यात हात घालून तिच्या आईचं पुसलंत ते कधी? आणि त्याच्यावर काय रेकॉर्ड केलंत? बोला.